चूकभूल द्यावी घ्यावी

डुलुथमध्ये नोव्हेंबर. सरोवरावरचा वारा
पाचव्या मजल्याच्या खिडकीच्या फटीतून आत येतो
आणि मारित हाल्वोर्सरूड, भूलशास्त्र विभागाची प्रमुख,
टेबलावरचे कागद कॉफीच्या मगाने दाबून धरते.

तूट : एकेचाळीस लाख डॉलर.
समोर ड्वेन पेल्की, इस्पितळाचा खजिनदार.
माणूस वाईट नाही,
मुलीच्या हॉकीच्या सामन्यांच्या वेळा त्याला पाठ असतात.
पेन्सिलीचं टोक एका रिकाम्या रकान्यावर ठेवून विचारतो,
“रात्री दोन ते पहाटे पाच. बिल शून्य.
या तीन तासांचे पैसे आम्ही कशाचे द्यायचे?”

“थांबण्याचे.”

तो लिहून घेत नाही.
ती खिडकीतून खाली बोट दाखवते :
कालव्यावरचा उचलता पूल.
जहाज येत नाही त्या रात्रीही
तिथल्या केबिनीत कुणीतरी दिवा लावून बसलेलं असतं,
त्याचा पगार कोण देतं?
“नगरपालिका,” पेल्की म्हणतो. दोघंही हसतात.
हसण्याने तूट कमी होत नाही.

पंधरा मिनिटांचं एक एकक.
सरकारी विम्याच्या म्हाताऱ्याचं एकक
खाजगीवाल्याच्या तिसऱ्या हिश्शात जातं,
आणि इथे येतात ते बहुतेक म्हातारेच,
खाणीतून निवृत्त झालेले, छातीत घरघर घेऊन.
धडधाकट गुडघे हायवेलगतच्या सेंटरला जातात.
गुडघ्यांमागोमाग आमचे तिघंही गेले,
तिथे साडेतीनला दिवे मालवतात.

प्रसूतिकक्षाच्या शेजारी
बूट न काढता आडवं झालेलं माणूस,
रात्री भरून, लेबल लावून ठेवलेल्या
आणि सकाळी न वापरता फेकलेल्या सिरिंजा.
आणि रेनी बेलांजे, तिसऱ्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर,
तीन किलोच्या बाळाच्या घशात पहिल्यांदाच नळी घालताना
तिच्यामागे उभी मारित,
स्वतःचे हात स्वतःच पाठीशी घट्ट धरून.
पुढे सरसावू पाहणारे ते हात आवरणं,
याला कोड नाही. मारितने यादी दोनदा पाहिली आहे.

एक गोष्ट ती सांगत नाही.
मार्चमध्ये पेल्कीचं पित्ताशय काढलं.
शंभरपासून उलटं मोजायला सांगितलं होतं,
हिशेबाचा माणूस, सत्त्याण्णववर थांबला.
तिथून पुढचा तास-सव्वा तास त्याच्या कुठल्याच वहीत नाही.
रेनीच्या वहीत आहे :
नऊ बेचाळीस, रक्तदाब घसरला.
नऊ त्रेचाळीस, औषध.
नऊ सत्तेचाळीस, ठीक.
जागा झाल्यावर त्याने विचारलं होतं, “सुरू केव्हा करणार?”

मारितला हे बोलता येत नाही. नियम आहे.
नियम नसता तरी बोलली नसती,
झोपलेल्या माणसाकडून वसुली करायची नसते.

शेवटी सव्वीस लाख.
रात्रीच्या पाळ्या राहिल्या. संशोधनाचा दिवस गेला.
शस्त्रक्रियेनंतर काही म्हातारी माणसं
आपलीच मुलं का ओळखत नाहीत,
हे आन्सेल्म क्विस्ट दर बुधवारी शोधत होता.
चाळीस जण हवे होते.
अकराव्या आजीपाशी काम थांबलं.
तिने प्रश्नावलीत ‘आज कोणता वार?’ याच्यापुढे
काही न लिहिता एक छोटं घर काढलं होतं.
क्विस्टने तो कागद खोक्यात न घालता खिशात घातला.

संध्याकाळी जिन्यात रेनी भेटते. “मिळाले?”
“रात्र मिळाली,” मारित म्हणते. “बुधवार गेला.”

रेनी मान हलवते, वर जाते,
तिची पाळी सातला सुरू होते.
मारित गाडीशी उभी राहून किल्ली शोधते.
पुलावरच्या केबिनीत दिवा लागला आहे,
पाण्यावर जहाज नाही.
बॅगेत सही झालेलं पत्रक,
त्याच्या तळाशी, कुठल्याही हिशेबाखाली उरते
तेवढी कोरी जागा.
भूल आम्ही दिली. भूल तुम्ही घेतली.
चुकीचं पुढच्या जुलैत बघू.